लाकडाच्या तुकड्यांचा ढीग सारखा बिघडतोय? आधी तळ बघा

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्या प्रत्येकाकडे उरलेल्या तुकड्यांचा एक कोपरा असतो. माझ्याकडचा कोपरा मी आतापर्यंत चारदा मुळापासून उपसला आहे आणि ओळखीच्यांचे त्याहून जास्त वेळा. तक्रारी वेगवेगळ्या असतात. कुणाच्या लाकडाला कीड लागलेली असते, कुणाच्या फळ्या वाकलेल्या असतात, कुणाला हवा तो तुकडा कधीच सापडत नाही. उपसायला बसलं की कारण बहुतेक वेळा एकच निघतं: ढिगाचा तळ वर्षानुवर्षं हललेला नसतो. वरचे चार तुकडे येतात-जातात आणि खाली जे आहे ते तिथेच ओल खात, कीड पोसत पडून राहतं.

लक्षणं

यातलं एखादं दिसत असेल तर पुढचं वाचा.

- ढिगाखाली किंवा फळीवर पिठासारखा भुगा. झाडून काढला तरी आठवड्याभरात पुन्हा.
- ठेवताना सरळ असलेली पट्टी आता टेबलावर ठेवली की डुलते.
- कोपऱ्याला कुबट वास, लाकडावर करडे-काळे ठिपके.
- प्लायच्या कडा फुगलेल्या, पापुद्रे सुटलेले. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डचा) कोपरा बोटाने दाबला तर भुसभुशीत लागतो.
- तुकडा आहे हे पक्कं माहीत असूनही तो मिळत नाही, आणि शेवटी नवी फळी कापावी लागते.
- आवरल्यावर दोन महिन्यांत ढीग पुन्हा होता तसा.

शेवटची दोन लक्षणं आळसाची वाटतात, म्हणून लोक ती बिघाडात मोजत नाहीत. मी मोजते. जो तुकडा दिसत नाही तो वापरला जात नाही, जो वापरला जात नाही तो तळाला जातो, आणि पहिली चार लक्षणं तळातच सुरू होतात.

पहिली तपासणी: तळाचा थर बाहेर काढा

खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. वरचं सगळं बाजूला करा आणि जमिनीला टेकलेले पाच-सहा तुकडे उजेडात आणा. हातमोजे घाला आणि बोटं खाली घालण्याआधी तुकडा काठीने उलटा करा, कारण विंचवालाही अशीच जागा आवडते.

आता प्रत्येक तुकड्याचं टोक बघा. टोक म्हणजे जिथे रेषा संपतात आणि आडवा कापा दिसतो ती बाजू. तिथे रंग गडद झाला असेल, नखाने दाबल्यावर खूण उमटत असेल, किंवा हात लावताना गार-ओलसर वाटत असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. टोकं कोरडी आहेत पण मधल्या भागावर बारीक भोकं दिसतात, तर प्रश्न किडीचा. दोन्ही नाही आणि लाकूड फक्त वाकलंय, तर ठेवण्याची पद्धत चुकली आहे. ही विभागणी आधी केली की पुढचे निम्मे कष्ट वाचतात. मी बघितलेल्या बहुतेकांनी हे न करता थेट कीटकनाशक आणलं होतं, आणि त्यातल्या अनेकांची खरी अडचण ओल होती.

दुसरी तपासणी: तुकडे कसे उभे आहेत?

लाकडाच्या आत नळ्यांसारख्या पोकळ्या असतात आणि त्या रेषेच्या दिशेने धावतात. म्हणून पाणी रेषेच्या दिशेने, आडव्या दिशेच्या साधारण दहा ते पंधरा पट वेगाने आत-बाहेर करतं. उघड्या सिमेंटच्या जमिनीवर फळी उभी केली म्हणजे त्या नळ्यांची तोंडं ओलीवर टेकवली. वरून फळी खडखडीत वाटते आणि खालची वीतभर आतून भिजत राहते.

उपाय तासाभराचा. जमिनीवर दोन जाड बत्त्या (लाकडी पट्ट्या) ठेवा, त्यावर प्लायचा टाकाऊ तुकडा आणि त्यावर लाकूड. जमिनीपासून दहा सेंटिमीटर उंची पुरते. भिंतीपासूनही चार-पाच बोटं अंतर सोडा, विशेषतः भिंतीची दुसरी बाजू बाहेर उघडी असेल किंवा पलीकडे मोरी असेल तर.

वाकण्याचं म्हणाल, तर फळी तिरपी टेकवून ठेवणं हे सगळ्यात मोठं कारण. लांब फळी भिंतीला कलंडून ठेवली की तिचं स्वतःचं वजन तिला महिनोन्‌महिने मधून वाकवत राहतं, आणि तो बाक नंतर उतरत नाही. फळी उभी ठेवायची तर जवळजवळ काटकोनात, वर अडवायला दोरी किंवा पट्टी लावून. आडवी ठेवायची तर खाली दर ४०-५० सेंटिमीटरवर आधार हवा आणि सगळे आधार एका पातळीत हवेत. एक आधार सूतभर वर असला तरी त्या जागी फळी बाक धरते.

दुसरं कारण एकाच बाजूला लागणारी हवा. थप्पीतली सगळ्यात वरची फळी पन्हळीसारखी वाकलेली तुम्ही बघितली असेल. तिची वरची बाजू मोकळ्या हवेत सुकते, खालची झाकलेली राहते, आणि सुकणारी बाजू आक्रसते. शिवाय लाकूड सगळीकडे सारखं आक्रसतही नाही. वर्षवलयांना समांतर दिशेत ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट आक्रसतं, लांबीत तर जवळजवळ नाहीच. थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागेल. सगळ्यात वर एक फळी बळीची म्हणून ठेवा, वाकली तर वाकू दे.

तिसरी तपासणी: ओल कुठून येते?

वरचं सगळं करूनही वास आणि डाग परत येत असतील तर जमिनीची परीक्षा घ्या. साधारण हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी कागदाखाली थेंब किंवा गडद डाग दिसला तर ओल जमिनीतून येते आहे. कागदाच्या वरच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ आहे, खोलीला वारा कमी पडतोय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

लाकडातलं पाणी मोजायला दोन टोकदार पिनांचा ओलावामापक मिळतो. असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, आणि मला तर हीच पद्धत जास्त आवडते. एक तुकडा निवडा, त्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा, तो ढिगातच ठेवा आणि दर रविवारी तोलून खाली नवा आकडा लिहीत जा. समजा ५०० ग्रॅमच्या तुकड्यात आज १२ टक्के ओलावा आहे (हे टक्के पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनावर मोजतात). तो ५२२ ग्रॅम झाला की ओलावा १७ टक्क्यांवर गेलाय. माझ्या कोपऱ्यातल्या साक्षीदार तुकड्यावर आता आकड्यांच्या तीन रांगा झाल्या आहेत. कुठल्या महिन्यात खिडकी उघडी ठेवायची हे मला त्या रांगा सांगतात.

आकड्यांचा अर्थ असा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ वर, ९० टक्के असेल तर २० च्या आसपास. ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर लाकूड सडवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. पृष्ठभागावरची काळी-करडी बुरशी मात्र दमट हवेवरही येते. ती पुसली आणि लाकूड सुकवलं की बहुतेकदा भागतं, आतली ताकद तेवढीच राहते. डाग राहतो. रंधा मारताना तो गेला नाही तर तुकडा आतल्या कामाला वापरा.

हवेचा प्रश्न असेल तर ढिगावरची ताडपत्री काढा. लोक धूळ बसू नये म्हणून झाकतात आणि आत ओल कोंडतात. जमिनीचा असेल तर उंची वाढवा आणि खाली प्लास्टिक अंथरा. भिंतीचा असेल, आणि डाग पाऊस नसतानाही वाढत असेल, तर तिथे बहुधा पाइप गळतोय. त्याचं पुढे सांगते.

चौथी तपासणी: भुगा कसला आहे?

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

भुगा चिमटीत घेऊन चोळा. टाल्कम पावडरीसारखा मऊ लागला आणि लाकडावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील, तर तो पीठ पाडणारा भुंगेरा. भुगा किंचित खरखरीत आणि भोकं थोडी मोठी असतील तर दुसऱ्या जातीचा भुंगेरा असू शकतो. खसखशीसारखे सुटे, सारख्या आकाराचे कण असतील तर तो भुगा नव्हेच, ती कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा आहे. भिंगाखाली प्रत्येक कणाला सहा बाजू दिसतात. आणि भुगा नाहीच, पण भिंतीवरून किंवा ढिगाच्या पायापासून मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या, तर जमिनीतली वाळवी आहे.

भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही. भोक हा किड्याचा बाहेर पडण्याचा रस्ता. तो गेल्या वर्षी निघून गेला असेल. यासाठी प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने गोल काढा, तुकडा झटकून काळ्या कागदावर ठेवा आणि काही आठवडे बघत राहा. गोलाबाहेर नवं भोक पडलं किंवा कागदावर ताजं, फिकट पीठ दिसलं तर कीड आत आहे. एवढ्यात काही दिसलं नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. उबदार हवेत या भुंगेऱ्याची पिढी काही महिन्यांत पुरी होते, एरवी वर्ष लागतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका पेटीच्या झाकणाला कडेची पट्टी कमी पडली म्हणून ढिगाच्या तळातून एक काढली. कडेला पांढुरका पट्टा होता, भोकं दोनच होती, ती लांबी (पुट्टी) भरून बुजवली आणि पॉलिश चढवलं. सात महिन्यांनी पेटीखालच्या कपाटाच्या फळीवर पिठाची छोटीशी रांगोळी, आणि पॉलिश फोडून पडलेली पाच नवी भोकं. अळ्या आतच होत्या. पॉलिशमुळे बाहेरून अंडी घातली जात नाहीत हे खरं, पण आधीच आत बसलेल्यांना ते अडवत नाही.

तो पांढुरका पट्टा महत्त्वाचा. पीठ पाडणारा भुंगेरा रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात सालीकडच्या फिकट भागावर जगतो, कारण त्याला लागणारा स्टार्च तिथे असतो. गडद गाभा तो सोडून देतो. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडातही तो शिरत नाही, कारण अंडी घालायला त्याला लागणारी उघडी छिद्रं त्यात नसतात. बांबू मात्र त्याच्या फार आवडीचा. तेव्हा छाटणी सोपी आहे: फिकट कडेचे आणि साल शिल्लक असलेले तुकडे वेगळे काढा, साल तासून टाका, जमलं तर फिकट पट्टाच करवतीने उडवा. नुसता गाभा ढिगात ठेवा.

कीड असलेल्या तुकड्याचं काय? साधा असेल तर दोन पिशव्यांत बांधून त्याच दिवशी घराबाहेर. जपायचाच असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळी सोडू नका, नाहीतर लाकडावर दव धरतं. उष्णतेनेही कीड मरते. पॅकिंगच्या लाकडासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं असा निकष आहे. पण घरच्या ओव्हनमध्ये हे करू नका. गाभ्यापर्यंत किती उष्णता पोचली ते कळत नाही, आणि राळ असलेलं लाकूड ओव्हनमध्ये विसरलं तर आग. उन्हात ठेवल्याने लाकूड सुकतं, अळी मरेलच अशी खात्री नाही. भोकात रॉकेल ओतण्याचा सल्ला तर कानावरून जाऊ द्या. नंतर त्या लाकडाला ना डिंक नीट धरतो ना पॉलिश, आणि ढिगाला आगीचं आमंत्रण वेगळं.

पाचवी तपासणी: ढीग हलतो का?

यात पैसे लागत नाहीत, पण हे सगळ्यात जड जातं. आमच्या शेजारच्या काकांच्या वर्कशॉपमध्ये गेल्या वर्षी तिसऱ्यांदा बुरशी आली. ते वैतागून म्हणाले, "अगं, आत्ताच तर सगळा ढीग आवरला होता!" मी खालून एक फळी ओढली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात चार वर्षांपूर्वीची तारीख. "काका, आवरला नाहीत, नुसता रचलात." तेही हसले, मग दोघांनी मिळून तीन पोती बाहेर काढली.

काय टाकायचं याची माझी कसोटी लांबीची आहे आणि ती यंत्राच्या सुरक्षिततेवरून ठरलेली आहे. बहुतेक रंधा मशिनांवर ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकडा चालवणं धोक्याचं असतं, तो पात्यावर नीट टेकत नाही आणि हात पात्याजवळ जातो. तेव्हा ३० च्या खालचा साधा तुकडा ठेवायचा असेल तर त्याचं काम आत्ता सांगता आलं पाहिजे: पाचर, क्लॅम्पखालची गादी, पॉलिशचा नमुना. सांगता येत नसेल तर तो जातो. महाग किंवा सुंदर रेषेच्या लाकडाला मी १५ पर्यंत सूट देते. सूट एका डब्यापुरती. डबा भरला की नवा आत येण्याआधी जुना बाहेर जाणार.

प्लाय, एमडीएफ, रंगवलेलं आणि कीडरोधक रसायन मुरवलेलं लाकूड चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, धूर विषारी असतो. जुन्या मुरवलेल्या लाकडात आर्सेनिकही असू शकतं, त्याची राखसुद्धा घातक. मालाच्या चौकटीचं (पॅलेटचं) लाकूड आणत असाल तर शिक्का वाचा: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी शिक्क्याचं घरात आणू नका.

ठेवायच्या प्रत्येक तुकड्याच्या टोकावर लाकडाचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. आखूड तुकडे उभे ठेवायला उथळ डबे घ्या. डबा तुकड्यापेक्षा उंच असला की तुकडा त्यात बुडतो, आणि बुडालेला तुकडा विसरला जातो. लांब मागे, आखूड पुढे. दर तीन महिन्यांनी डबा रिकामा करून पुन्हा भरायचा, तळातलं वर. अर्धा तास लागतो.

अजून एक गोष्ट याच कोपऱ्यात हमखास सापडते: जवसाचं तेल लावलेली चिंधी. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या चिंधीत ती कोंडून आपोआप आग लागू शकते. चिंध्या मोकळ्यावर सपाट पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. बॅटरीचे चार्जरही तुकड्यांच्या डब्यांपासून दूर हवेत.

सहावी: भिंतीवरचा रॅक

जमिनीवरचं सगळं उचलून भिंतीवर न्यायचं ठरवलंत तर आधी वजन मोजा. मीटरभर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि तितकाच उंच रचलेला एक कप्पा, मधल्या फटी धरूनही, ४० किलोच्या आसपास भरतो. चार कप्पे म्हणजे दीडशेच्या वर. हे वजन भिंतीपासून पुढे लोंबतं, त्यामुळे वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. माझा पहिला रॅक नुसत्या गिलाव्यात बसवला होता. तो एका रात्री खाली आला. खाली कुणी नव्हतं, एवढंच नशीब. स्क्रू विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल गेला पाहिजे, आणि जड लाकूड खालच्या कप्प्यात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- मातीच्या नळ्या दिसल्या, किंवा सहा बाजूंचे कण ढिगाबाहेर दाराच्या चौकटीजवळ, छताच्या वाशांखाली, लाकडी जमिनीवर सापडले. हा प्रश्न ढिगाचा राहिलेला नाही, घराचा झाला. नळ्या मोडू नका, फोटो काढा आणि कीटकनियंत्रण करणाऱ्याला दाखवा. वाळवी कुठून येते हे त्याला त्या नळ्यांवरूनच कळतं.
- भिंतीवरचा ओला डाग कोरड्या दिवसांतही वाढतोय. प्लंबर आधी, रंगारी नंतर.
- ओल विजेच्या खटक्याजवळ किंवा सॉकेटजवळ आहे. मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या भिंतीवरची यंत्रं वापरू नका.
- बुरशी चौरस मीटरपेक्षा जास्त पसरली आहे, किंवा घरात कुणाला दमा आहे. खरवडू नका, बीजाणू सगळ्या घरात उडतात.
- रॅकसाठी भोक पाडताना ड्रिलमधून नुसती मऊ माती येतेय किंवा भिंत पोकळ वाजते. गवंड्याला दाखवल्याशिवाय त्यावर वजन टांगू नका.
- वासा, तुळई, जिन्याची पायरी यांत स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज रुततंय. त्या भागाखालून ये-जा बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

माणूस येईपर्यंत संशयित ढीग घरात इकडून तिकडे हलवू नका. बाहेर कोरड्या जागी नेता आला तर न्या, नाहीतर आहे तिथेच प्लास्टिकने झाकून ठेवा. एरवी ताडपत्रीला मी नाही म्हटलंय, पण या चार दिवसांत ओलीपेक्षा भुंगेरा उडून दुसऱ्या लाकडावर बसण्याचा धोका मोठा असतो.